माझ्या डिझाइनवर फुली

मंगळ., १० फेब्रु. पामर्स्टन नॉर्थ
बॉसने फिश लॅडर पास केली. ओढ्यावरच्या जुन्या बंधाऱ्याला लागून पायऱ्यापायऱ्यांची वाट, वाम मासे चढून वर जातील अशी. आठ महिने खपलेय. झकास झालंय, उगाच विनय कशाला!

गुरु., १२
मराएवर, म्हणजे माओरींच्या सभास्थानी, पाहुणी आली, ज्यूडी. अमेरिकेतल्या मेन राज्याची, मूळनिवासी पेनॉब्स्कॉट. नदीचं नाव तेच, लोकांचंही तेच. सगळ्यांच्या 'किया ओरा' या नमस्काराला तिचं उत्तर तिच्या भाषेत, 'क्वे'. तिच्या आजीला शाळेत ही भाषा बोलू देत नसत. ज्यूडी चाळिशीत जुन्या टेपा ऐकून शिकली, आता शिकवते. "चुकते, पण मोठ्याने चुकते!"

शुक्र., १३
ज्यूडीला ओढा दाखवला. सोबत मटिउ, इथले माओरी आजोबा. मी ड्रॉइंग उलगडलं. ज्यूडी म्हणाली, "आमच्याकडेही लॅडर होत्या. थोडेच मासे चढायचे. शेवटी खालची दोन धरणं काढली, तेव्हा आले."
मी जरा तोडूनच, "प्रत्येक नदी वेगळी असते."
"बरोबर. इथे कोरड्या उन्हाळ्यात पाणी कुठवर?"
मला आकडा आठवेना. मटिउ आजोबांनी वाकून घोट्याखाली बोट ठेवलं.

रवि., १५
पूर्ण दिवस लॅपटॉपवर. मी सरासरी प्रवाह धरला होता. कोरड्या उन्हाळ्याचा धरला तर वरच्या तीन पायऱ्या कोरड्या ठाक. तीनदा तपासलं. रडले थोडी. मग भूक लागली.

सोम., १६
बॉसला सांगितलं, डिझाइन मागे घेते, बंधाराच काढू.
"पुढच्या मंगळवारी काउन्सिलपुढे जायचंय, अनघा!"
"म्हणून तर आज सांगतेय."
घरी सौरभ म्हणाला, "स्वतःच्याच कामावर फुली?" नवरा आहे, त्याला वाईट वाटणारच. मला आता नाही वाटत.

शनि., २१
ज्यूडी गेली. एअरपोर्टवर तिच्या भाषेत 'थँक यू' शिकवलं, वलिवनी. माझा उच्चार ऐकून हसत सुटली. पुन्हा म्हणायला लावलं.

मंगळ., २४
काउन्सिल. सगळं मांडलं, चूक माझी हेही. मटिउ आजोबा पहिल्या रांगेत. मग वरच्या अंगाचा शेतकरी उठला, "बंधाऱ्यामागचा डोह गेला तर माझा पंप कुठे टाकू?" रास्त प्रश्न. उत्तर नव्हतं, तसं सांगितलं. निर्णय सहा आठवडे पुढे.
बाहेर त्याला गाठलं. "उद्या जागा बघायला येऊ?"
"गमबूट घालून ये, चिखल आहे."
पंपासाठी दोन जागा नकाशावर हेरल्यात. एक तरी जमेल असं वाटतंय.