फटीतल्या अक्षता

अण्णा, एका जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून बसले आहे आणि तुम्हाला एक गोष्ट लिहिल्याशिवाय ते बंद करायचं नाही, असं ठरवलंय. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, पत्र टाकणार कुठं? तरी लिहिते. निवृत्त झाल्यापासून माझा हाच उद्योग आहे. लोकांनी अडगळीत टाकलेले कॉम्प्युटर आणायचे, खोलायचे, धूळ काढायची, रॅम वाढवायची, हार्ड डिस्क बदलून पुन्हा चालते करायचे. शेजारणी म्हणतात, "या वयात कशाला हा उपद्व्याप?" मी त्यांना चहा देते आणि कामाला लागते. तुमचीच मुलगी, हातात घेतलेलं अर्धं सोडवत नाही.

ती खंडेनवमी आठवते ना? पाऊस नाही, कापूस नाही, सहकारी सूतगिरणीची एकच पाळी चालू, आणि तशात ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आलेला. मी तिथली नवी कारकून, तुम्ही सगळ्यांत जुने फिटर. चपला दाराबाहेर काढून आत जायचं, एवढा त्या खोलीचा मान. यंत्रांची पूजा दरवर्षी तुमच्या हातची, म्हणून याचीही तुम्हीच केलीत. हळदकुंकू, झेंडूचं फूल, वर चिमूटभर अक्षता. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर फ्लॉपी आत जाईना, फटीत पूजेचं काहीतरी अडकलेलं. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "फिटर, यापुढं या खोलीत पाय ठेवायचा न्हाई." गिरणी उभी राहिल्यापासून काही अडलं की ज्यांना घरून बोलावून नेत, ते तुम्ही खाली मान घालून उभे होतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब सोलापूरहून माणूस बोलावणार होते. मी हट्ट धरला, मीच खोलते. तुम्ही उंबऱ्याबाहेर बसलात आणि तिथून मला सांगत राहिलात. "स्क्रू कागदावर मांड, जिथला तिथं. फुंकर मारू नगं, तोंडाची वाफ बसंल. चिमट्यानं काढ." कुंकवाचे चार तांदूळ निघाले. फ्लॉपी आत गेली, पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, साहेबांनी मला शाबासकी दिली. तुमच्यावरची बंदी मात्र कुणी उठवली नाही. पुढं दर खंडेनवमीला त्या खोलीतली पूजा दुसरं कुणीतरी करायचं आणि तुम्ही बाहेर थांबायचात.

अण्णा, ते तांदूळ माझे होते. तुमची पाठ फिरल्यावर मीही चार दाणे वाहिले. फ्लॉपी जाते ते त्याचं तोंड, म्हटलं खातं तिथंच द्यावं. एवढी शिकलेली मी, आणि अक्कल ही. नोकरी नवी होती, जीभ उचलली नाही.

अण्णांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं मनाला बजावत आले. पण तुम्ही विचारलं होतं. त्याच दिवशी घरी येताना, सायकल हातात धरून चालता चालता. "माय, म्या तर वरच वाहिल्या वाटतं. का माज्या हातानं फटीत गेल्या? तू बघत हुतीस."

आणि मी म्हणाले, "व्हय अण्णा, तुमच्याच हातानं."