गांडूळ बांधाकडे वळलं

प्रिय ताई,

अक्षर बघून हसू नकोस. घाईत लिहितोय, आणि टेबलाचा एक पाय आखूड आहे, म्हणजे निम्मा दोष टेबलाचा. फोनच केला असता. पण तुझ्या फोनमध्ये माझं नाव अजून ‘भागूबाई’च आहे. तो वाजला की भाऊजी उचलतात, तोंडाने भोंगा वाजवतात, ‘पळा पळा, धरण फुटलं’ असं ओरडतात आणि मग तुझ्याकडे देतात. पोरं खिदळतात, तू हसतेस, मीही हसतो आणि हवापाण्याचं काहीतरी बोलून ठेवून देतो. या वेळी मधे कुणाचं हसू नको होतं.

तर आधी हवापाणीच सांगतो. यंदा तलावाचं पाणी इतकं नितळ आहे की होडीतून वीस फूट खालचे दगड दिसतात. बास मासे धरायला येणारे हौशी लोक खूश आहेत. येतात ते मोठमोठ्या पेट्या घेऊन, आणि त्यात काय, तर लालपिवळे लाकडी मासे, आरशासारखे चमचमते चमचे, घुंगरं लावलेली काहीबाही आमिषं. बाबा अशांना म्हणायचे, अहो, मासे धरायला आलात की वरातीला? गढूळ पाण्यात भडक आमिष चालतं, कारण माशाला ते जेमतेम दिसतं आणि तो घाईघाईत झडप घालतो. नितळ पाण्यात त्याला सगळं दिसतं, वेळही भरपूर असतो. तिथे आमिष लहान हवं, रंग तळाच्या मातीचा नाहीतर शेवाळाचा हवा, दोरा केसाइतका बारीक हवा आणि होडी लांब हवी. मी तर वजनसुद्धा लावत नाही. बोटभर रबरी गांडूळ, तपकिरी, नुसतं सोडून द्यायचं. ते आपल्या भाराने सरळ खाली जातं, इतकं हळू की गिऱ्हाइकाला जांभया येतात. मोठा बास लागतो तो तेव्हाच.

हे सगळं तुला पाठ आहे, तूही बाबांच्या होडीत बसलीच आहेस की. मी मात्र दहा वर्षांचा होईपर्यंत काठावरच. ढग वाजला की टेबलाखाली, कुत्रं भुंकलं की तुझ्या पाठीमागे. ‘भागूबाई’ हे नावसुद्धा तूच ठेवलंस आणि शाळेत दुसऱ्या कुणी तसं म्हटलं तर त्याला बदडायलाही तूच गेलीस. शेवटी होडीत बसवलंस तेही तूच, माझा हात स्वतःच्या मांडीखाली दाबून, म्हणजे मला उठून पळता येऊ नये. त्या भित्र्याचं पुढे पाण्यावरच पोट चालेल असं कुणाला वाटलं होतं?

तीन वर्षांपूर्वीचं मी विसरलेलो नाही. धरणाकडून गडगडाट ऐकू आला आणि मी धावत खाली तुमच्या गल्लीत येऊन सगळ्यांना टेकडीवर पळवलं. तुझ्या सासूबाई ओल्या केसांनी, भाऊजी अर्ध्या दाढीने. आणि निघालं काय, तर रस्त्याच्या कामाचा ट्रक खडी ओतत होता. सासूबाईंचा हात धरून उतरताना तू माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाहीस. मला लोकांच्या हसण्यापेक्षा ते जास्त लागलं. तेव्हापासून मी ठरवलं होतं, घाबरलो तरी तोंड उघडायचं नाही.

मंगळवारी एक निवृत्त मास्तर आले होते. त्यांना घेऊन धरणाच्या बांधाजवळ गेलो, कारण ऊन चढलं की बास दगडांच्या सावलीला येतात. मास्तरांनी गांडूळ सोडलं. आठ-दहा फूट सरळ गेलं आणि मग वळलं. बांधाकडे निघालं, कुणी बोलावल्यासारखं. मला वाटलं वाऱ्याने दोरा ओढला. दोरा बदलला, अजून बारीक लावला. पुन्हा तेच. मास्तर म्हणाले, तुमचं गांडूळ जिवंत दिसतंय हो! मी हसलो, पण नजर दोऱ्यावरच होती. तिथे पाणी साचलेलं आहे, ताई. साचलेल्या पाण्यात गांडूळ कुठे जायला निघत नाही.

बुधवारी वारा पडल्यावर एकटाच गेलो. चमचा सोडला, जड लाकडी मासा सोडला, ते सरळ तळाला गेले. हलकं गांडूळ मात्र प्रत्येक वेळी त्याच जागी वळलं. मग मासे बघितले. बारकी पिल्लं एकाच जागी थांबून शेपट्या हलवत होती, सगळ्यांची तोंडं तलावाकडे, शेपट्या बांधाकडे. मासा असा उभा राहतो तो वाहत्या पाण्यात, प्रवाहाला तोंड देऊन. शेवटी उकळलेली चहापूड चिमूटभर गांडुळाला चोळली आणि ते त्या दगडांपाशी नेऊन झटकलं. काळे कण पसरले नाहीत. रांगेने दोन दगडांच्या फटीत गेले आणि दिसेनासे झाले. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

बांधाच्या पलीकडे, खालच्या अंगाला उतरून बघितलं. पायथ्याच्या गवतात मनगटाएवढी धार आहे. धरणावरचा म्हातारा चौकीदार बाबांचा दोस्त होता, तुला आठवत असेल. तो सांगायचा की मातीचं धरण थोडं पाझरायचंच, पाझर स्वच्छ आहे तोवर काळजी नाही; पण पाझर गढूळ झाला तर पाणी बांध आतून खातंय असं समजायचं. बुधवारी धार स्वच्छ होती. काल किंचित दुधाळ. आज सकाळी चहासारखी. आयुष्यभर पाणी नितळ दिसलं की मला बरं वाटायचं, आज गढूळ पाणी बघून तिथून कचेरीकडे धावत सुटलो.

धरणाच्या कचेरीत काल आणि आज, दोनदा गेलो. चौकीदार कधीच निवृत्त झालाय, त्याच्या जागी कुणी नाही. साहेब दौऱ्यावर. कारकुनाने विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, रबरी गांडुळावरून. तो इतका हसला की शेजारचा चपराशी बघायला आला. सोमवारी कुणीतरी येईल म्हणाला. आज शुक्रवार आहे. मी आता जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीत निघालोय. हसले तर हसले, साहेब गाडीत बसेपर्यंत मी तिथून हलणार नाही.

माझा अंदाज चुकलेला असू दे, अशी सारखी प्रार्थना करतोय. पण तुझं घर पायथ्यापासून तिसरं आहे. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. त्याची बस चारला परत वर येते, तो तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबेल. भाऊजींना खरं सांगू नकोस, भोंगा वाजवत बसतील. त्यांच्यासाठी भडक आमिष ठेवलंय: सांग, भागूबाईने चार किलोचा बास हेरून ठेवलाय आणि आज आला नाहीत तर उद्या दुसरं कुणी नेईल. लगेच गळाला लागतील. पोरांना होडी सांग. सासूबाईंना सांग मी आजारी आहे, त्या माझ्यावर रागावतात पण जीवही लावतात. मग गल्लीत दारोदार जा आणि बाकीच्यांना मात्र खरंच सांग. तू दवाखान्यातली सिस्टर, तुझं सगळे ऐकतात, माझं कोण ऐकणार? माझ्या घराची किल्ली कौलाखाली आहे. तुझ्यासाठी मी काही आमिष शोधलं नाही. तुला लहानपणापासून माझं सगळं आरपार दिसतं. सोबत काचेची बाटली दिलीय, त्या धारेखाली आज सकाळी भरलेली. हलवू नकोस, उजेडात धरून तळाशी बघ. बोटभर माती बसली असेल. ती बांधाची आहे. ताई, मला फार भीती वाटतेय. ये. चुकलो असेन तर जन्मभर हस, फक्त वर येऊन हस.

तुझाच,
भागूबाई