लाल कॅलिपर

४ मार्च
हिने जाहीर केलं — "तुमच्या त्या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही!" का, तर सिग्नल लाल झाला आणि आम्ही पांढऱ्या पट्ट्यांच्या पार पलीकडे जाऊन थांबलो. मी म्हटलं, थांबलो ना? तर म्हणाली, "पळायला शिकवलंत तिला. थांबायला कोण शिकवणार?"
झोंबलं. पण खरंच आहे. टर्बो मोठा केला, ताकद दुप्पट केली, ब्रेक मात्र जुनेच. घोडा बदलला, लगाम तोच! आता ही बसेल असे ब्रेक लावायचे.

६ मार्च
पुढे मोठ्या डिस्क, त्यांना चिमटीत धरणारे चार पिस्टनचे कॅलिपर, आणि पॅड थेट शर्यतीच्या गाडीचे. मिस्त्री म्हणाला, "मालक, ते पॅड रस्त्यावर किंचाळतात. साधे घ्या." मला सांगतोय! गाडीचं दुखणं आवाजावरून ओळखतो म्हणून तर हे गॅरेज उभं राहिलं. लोक येतात ते माझ्या कानांसाठी. हल्ली त्याचेही अंदाज बरे लागतात — "फॅनचा पट्टा तर नसेल, मालक?" असं हळूच पुटपुटतो आणि पट्टाच निघतो. संगतीचा गुण!

११ मार्च
सामान आलं. कॅलिपर लालभडक. शेजारचा रंगवाला म्हणतो, "नवरीला लिपस्टिक?"

१२ मार्च
कॅलिपर स्वतः बसवले. मिस्त्रीला हात लावू दिला नाही. मग नळीतली हवा काढायला बसलो — तो पेडल दाबतोय, मी स्क्रू सोडतोय. बाटलीभर ब्रेक ऑइल संपलं, पेडल तरी स्पंजासारखं. शेवटी मिस्त्री वाकला, फार सभ्यपणे खोकला. "मालक, हवा वर जाते की खाली?"
हवा काढायचा स्क्रू खालच्या अंगाला! डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. तीस वर्षं या धंद्यात — आणि हात दाखवून अवलक्षण! चहा पाजून म्हटलं, ही गोष्ट भिंतीबाहेर जाता कामा नये. पाच मिनिटांत भिंतीपलीकडे रंगवाला खो-खो हसताना ऐकला.

१३ मार्च
बाजू बदलल्या. पेडल दगडासारखं! पाय ठेवला की गाडी जागच्या जागी. आणि किंचाळणं? काडीचंही नाही. शेजारी मिस्त्री मात्र तोंड वाकडं करून बसलेला. अंदाज चुकला ना त्याचा!

१५ मार्च
ही बसली! पट्ट्यांच्या हातभर अलीकडे थांबलो. अख्खा चौक वळून बघायला लागला — वाहतुकीचा शिपाईसुद्धा. म्हटलं, बघ, लाल रंगाची कमाल! वळून पाहतो तर हिचे दोन्ही हात कानांवर. "अहो, हे किंचाळणं बंद करा आधी!"
"कसलं किंचाळणं?"
माझ्याकडे बघतच राहिली. सिग्नल हिरवा झाला तरी.

१६ मार्च
मिस्त्रीला खोदून विचारलं. पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "दोन वर्षं झाली, मालक. बारीक आवाज तुम्हाला येत नाहीत. म्हणून मी आधी पुटपुटतो."
साधे पॅड लावले. ही मला कानांच्या डॉक्टरांकडे नेणार आहे, त्याच गाडीतून.
रंगवाल्याला गॅरेजची पाटी उतरवायला सांगितली. माझ्या नावाशेजारी मिस्त्रीचं नाव. "अक्षरं केवढी?" म्हणाला.
माझ्याएवढीच.