वळणावरची कडेची रेघ

११ नोव्हेंबर

आज पुन्हा छबूचा डबा घासून पालथा घातला. कोणासाठी? हात आपसूक गेला. माझी लेक जाऊन आज तेवीस दिवस झाले.

वन्सं आल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, निदान माझ्या भावाला वाढताना तरी ताट आपटू नकोस." मी म्हटलं, आपटलं नाही, हातातून सुटलं. खोटं बोलले. आपटलंच होतं.

१४ नोव्हेंबर

हे आता दिवसभर घरात असतात. चौकशी संपेपर्यंत खात्याने घरी बसवलंय. एकतीस वर्षं यांनी रस्त्यावर रेघा मारल्या, मारून घेतल्या – मधली रेघ, कडेची रेघ, शाळेपुढचे पट्टे. सगळे यांना 'रेघवाले' म्हणतात. छबू पहिलीत असताना तिच्या बाईंनी विचारलं, बाबा काय करतात? तर म्हणाली, "रस्त्याला समास पाडतात." बाई हसल्या म्हणून घरी येऊन रुसून बसली होती.

आणि तिच्याच वाटेवर समास नव्हता. दवाखान्यातली सकाळची पाळी, दाट धुकं, स्कूटर. खाणीजवळचं वळण. बाहेरच्या कडेची रेघ पुसून गेलेली. रस्ता कुठे संपतो ते तिला कळलंच नसावं, असं पोलिसांच्या कागदात आहे. ते वाक्य मला पाठ झालंय.

१५ नोव्हेंबर

यांच्याशी एक शब्द बोलले नाही. यांनीही विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर

बोलले. बोलू नये ते बोलले.

दर उन्हाळ्यात रेघा नव्याने मारतात. त्याआधी एप्रिलमध्ये हे सगळा रस्ता पाहून येतात, कच्च्या वहीत टिपतात. यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय – म्हणून वरच्या साहेबांकडे जाणारा तक्ता मीच उतरवून देते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. हे नुसती खाली सही करतात. चौकशीत तोच तक्ता वाचून दाखवला म्हणे. खाणीच्या वळणापुढे – रेघ चांगली. म्हणून रंगाची गाडी तिथे थांबलीच नाही.

मी म्हटलं, "भर दुपारी पाहिली असेल. उन्हात मेलेली रेघसुद्धा पांढरी दिसते – तुमचंच वाक्य ना हे?"

"हो," म्हणाले. "माझीच चूक."

एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं. नुसते बसून राहिले, चष्मा पुसत. काच फुटेल इतका वेळ पुसत होते.

२५ नोव्हेंबर

छबूचं कपाट आवरायला घेतलं आणि तळाशी माझीच शाळेतली वही निघाली. तिने कधी नेली कोण जाणे.

शाळेतल्या आमच्या सिस्टरांची आठवण आली. पांढरी शुभ्र बाही, खडूचा वास. अक्षर उजवीकडे जरासं कललेलं हवं. समासाला शिवायचं नाही. एकाखाली एक तोच शब्द आला की पुन्हा लिहायचा नाही, डिट्टो द्यायचा – दोन बारीक तिरप्या रेघा. "शाई वाचव, मुली, वेळ वाचव." माझ्या डिट्टोच्या रेघासुद्धा सिस्टर वर्गाला दाखवायच्या. मी किती फुगायचे.

छबूला मी तसंच वळण लावलं. डॉक्टरांची चिठ्ठी कुणाला लागली नाही की तिच्याकडे न्यायचे. ती लावायची आणि खाली सुंदर अक्षरात लिहून द्यायची.

कपाट परत बंद केलं. एकही कपडा काढला नाही.

४ डिसेंबर

काल मुकादम आले. वीस वर्षं यांच्या हाताखाली आहेत. उंबऱ्यातूनच म्हणाले, "वहिनी, वळणावर रेघ मारली. तुम्ही चला. साहेब यायचे नाहीत, मला ठाऊक आहे."

आज पहाटे त्यांच्या जीपमधून गेले. त्या दिवसासारखंच धुकं होतं. झाडं नाहीत, खाण नाही, पुढचं काही नाही. मग जीपचा उजेड पडला आणि कडेची रेघ पेटली. रंग ओला असताना त्यावर काचेचे मणी पेरतात, साखरेहून बारीक. उजेड त्यांच्यावर पडला की फिरून गाडीवाल्याकडेच येतो. मणी झिजले की रेघ दिवसा दिसते, पण धुक्यात जीव तोडून पाहिलं तरी दिसत नाही. हे सगळं मी यांच्याकडून शंभरदा ऐकलंय. पाहिलं आज. रेघ वळत होती आणि आम्ही तिचं बोट धरून वळत होतो. मुकादम सांगत होते, बसचे ड्रायव्हर आता या वळणाला शिव्या देत नाहीत.

मी जीपमध्येच रडले. एवढंसंच लागतं! वीतभर रुंदीची एक रेघ.

मुकादम म्हणाले, "साहेब इथे दरवर्षी मुद्दाम तिन्हीसांजेला यायचे. गुडघे टेकून, बॅटरी मारून रेघ बघायचे. मी चिडवायचो – साहेब, रस्त्याचे पाय चेपताय का?"

"यंदाही?"

"यंदाही. मीच बॅटरी धरली होती."

"मग 'चांगली' कसं लिहिलं यांनी?"

मुकादमांनी जीपचा वेग उगाच कमी केला. "तेच कळत नाही, वहिनी. कच्ची वही असती तर कळलं असतं. साहेब म्हणतात, हरवली."

यांची वही हरवली! एकतीस वर्षांत या माणसाचा रुमाल हरवला नाही.

८ डिसेंबर

जेवताना विचारलं, "वही कुठे आहे?"

"हरवली."

"कुठे?"

"हरवलेली वस्तू कुठे ते ठाऊक असतं का? पाणी दे."

काहीतरी लपवताहेत. या माणसाला खोटं बोलायला जमत नाही, लगेच तहान लागते.

१२ डिसेंबर

सोमवारी चौकशी संपते. हे जाऊन 'चूक मान्य' म्हणून सही करणार. नोकरीची दोन वर्षं राहिली होती, तीही जाणार. वन्सं रडल्या. मी नाही रडले.

१३ डिसेंबर

आज उगाच आठवलं. छबू पाच वर्षांची असेल. हे काचेच्या मण्यांचा डबा घेऊन आले होते. पुठ्ठ्यावर डिंकाने तिचं नाव लिहिलं, वर मणी पेरले, खिडक्या लावून घेतल्या आणि बॅटरी मारली. अंधाऱ्या खोलीत नुसतं तिचं नाव. "बाबा, मी दिसते," म्हणाली होती. माझं नाव दिसतं असं नाही. मी दिसते.

तो डबा माळ्यावर असेल. उद्या काढते.

१४ डिसेंबर, रविवार

वही त्या डब्यात होती. मण्यांत पुरून ठेवलेली. आत माझ्या तक्त्याची कार्बन प्रत, घडी घालून.

वहीत सहावी ओळ – खाण वळण, बाहेरची रेघ, गेली. आधी हीच मारा. खाली दोनदा अधोरेखित. बाकी सगळ्या ओळींत 'चांगली'. माझ्या तक्त्यात पहिल्या ओळीत 'चांगली' आणि तिथून तळापर्यंत डिट्टो. सहाव्या ओळीतही. दोन बारीक तिरप्या रेघा. फार सुरेख आल्यात.

हे खाली शिडी धरून उभे होते. म्हणाले, "मी न वाचता सही केली, तेव्हा चूक माझीच. तू तक्ता उतरवत होतीस आणि दवाखान्यातून छबूचा फोन आला होता. दोघी किती हसत होतात."

उद्या चौकशीला यांच्याबरोबर मी जातेय, वही घेऊन. तक्ता पुन्हा उतरवला, प्रत्येक ओळ पूर्ण शब्दांत. सहाव्या ओळीशी हात थांबला. मग लिहिलं – गेली.