अडीच माणसांचा बाक

८ एप्रिल, मंगळवार

सगळ्यात आधी टपकली छबूबाई. शेजारीण असावी तर अशी — माझ्या दारी पाव्हणे यायच्या आधी तिला कळतं. पांढरी गाडी दिसली म्हणून आले म्हणे. गाडी तिच्या मागून पाच मिनिटांनी आली!

गाडीतून उतरला आप्पाराव. मागून त्याच्या संगं फिरणारा भारत मास्तर, हातात शाल, नारळ आन् मोबाईल. आमच्या वकीलसाहेबांना जाऊन वैशाखात वर्ष होतंय, तर त्यांचं मोठं पुण्यस्मरण करायचं घाटतंय. मंडप, भाषणं, फोटोचं पुस्तक. शिवाय आप्पारावाच्या मंगल कार्यालयात एक खोली त्यांच्या नावाची. तिथं त्यांचा कोट, चष्मा, कागदपत्रं मांडायची आन् लोकांनी बघायची. गंगाखेडात लोकांना बघायला दुसरं काय हाय म्हणा.

जिवंत होते तवा ह्या आप्पारावानं त्यांना कधी रामराम घातला न्हाई. घालील कसा? त्याच्या सख्ख्या बहिणीचा, मनकर्णाचा दावा ह्यांनीच चालवला त्याच्याविरुद्ध. आता म्हणतो, गुरुतुल्य. माणसानं मरावं तर बन्सीधर वकिलासारखं — घ्या, नवऱ्याचं नाव लिहून टाकलं! पन्नास वर्षं तोंडानं घेतलं न्हाई.

मला मातोश्री म्हणले. दोन लेकरं झाली, पाच नातवंडं झाली, पण मातोश्री मी आजच झाले. शाल लोकरीची, महिना एप्रिलचा. तरी अंगावरून काढवंना.

मास्तरनं विचारलं, साहेबांनी किती केसी जिंकल्या? मी म्हणले, जिंकायच्या आधीच मिटवायचे. त्यांची रीतच तशी. दोन्ही बाजूंना एकाच दिवशी, एकाच टायमाला घरी बोलवायचं. एकाला दुसऱ्याचं सांगायचं न्हाई. आले की ओसरीवरच्या बाकावर बसवायचं. बाक अडीच माणसांचा, पाय अगदी मधी लावलेले. सुताराची चूक. एकजण उठला की दुसरा पडतो. म्हणून उठायचं तर शेजारच्याला सांगून उठायचं. झरीचे दोघं भाऊ, बांधावरून दहा वर्षं अबोला, तीन घंटे पाठीला पाठ लावून बसले त्याच्यावर. शेवटी धाकटा म्हणाला, "दादा, मला लघवीला जायचंय." दहा वर्षांतलं पहिलं बोलणं! संध्याकाळपर्यंत मिटलं. समोरचा वकील चार महिने ह्यांच्याशी बोलला न्हाई.

हे सांगायले तवर मास्तर फोटो काढायला त्याच बाकावरून उठला आन् आप्पाराव धाडदिशी खाली! छबूबाई तोंडात पदर कोंबून आत पळाली. आप्पाराव धोतर झटकत म्हणाला, बाक दुरुस्त करून देतो. साहेबांची निम्मी वकिली त्या बाकात, आन् हा दुरुस्त करायलाय.

जाताना म्हणले, पेटीतले साहेबांचे कागद लागतील, सगळे. न्या की, म्हणले मी. पुढच्या शुक्रवारी, अठराला, अकरा वाजता टेंपो घेऊन येतो म्हणले. शालीत लय ऊब होती.

९ एप्रिल, बुधवार

ही लाल डायरी वकिलांची हाय. दरसाल त्यांच्या नावानं येती, यंदाबी आली. मेलेल्या माणसाला तारखा कशाला? म्हणून मी लिहायले. शाळा चौथीपर्यंत झाली माझी. कोर्टाचं नाव, वादी, प्रतिवादी असे रकाने हायत वर. त्यात मी भाजीचं लिहिते. आज वादी दोडका, प्रतिवादी मी.

११ एप्रिल, शुक्रवार

आप्पाराव परत. पेटी नुसती बघून जातो म्हणाला. माणूस मेल्यावर कळ काढवंना, एवढं प्रेम!

पेटी उघडली आन् त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. आत फायली न्हाईत, गाठोडी हायत. चिंध्यांची. साहेबांचे पक्षकार निम्मे न शिकलेले, आन् निम्मे दिवाळीनंतर कारखान्यावर ऊस तोडायला जायचे. सहा महिने खोपटाला कुलूप, कागद ठेवायचे कुठं? साहेब म्हणायचे, ठेव माझ्यापाशी, पण तुझ्याच कापडात बांध. मग कुणी फेट्याचं टोक फाडायचं, कुणी लुगड्याचा पदर. वाचता येवो न येवो, आपलं कापड दारातूनबी ओळखू येतं. आन् गाठोडं ज्याचं त्याच्याच हातात जायचं. सोडायचं बी त्यानंच. मला झाडायला सुद्धा हात लावू देत नव्हते.

आप्पाराव एकेक उचलून नाव शोधायला लागला. ह्याच्यावर नाव न्हाई, त्याच्यावर नाव न्हाई. एक पोपटी गाठोडं उचललं, कुयरीच्या काठाचं. उलटंपालटं केलं. ह्याच्यावरबी न्हाई, म्हणाला आन् ठेवलं खाली. मग म्हणाला, जाऊ द्या, टेंपोत सगळीच नेऊ.

ते पोपटी पातळ मला म्हाईत हाय. मनकर्णानं माझ्यासमोर फाडलं त्याला. शेवटच्या भाऊबीजेला भावानं घेतलेलं. "आता हे नेसवत न्हाई काकू," म्हणाली होती.

त्यानंच घेतलेलं. त्याच्याच हातात होतं.

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती. छबूबाईनं शाल अंगावर घेऊन बघितली. टोचती म्हणे. तिला मातोश्री म्हणलं असतं म्हणजे टोचली नसती.

१३ एप्रिल, रविवार

धम्मशीला आली. साहेबांच्या हाताखाली शिकली, आता त्यांच्याच खुर्चीवर बसून त्यांच्याच केसी चालवती. उद्या जयंतीची मिरवणूक, तिच्या गळ्यात अख्ख्या गल्लीचं काम, तरी माझ्याकडं आली. मी हौसेनं सगळं सांगितलं — शाल, खोली, टेंपो. तिनं कप खाली ठेवला.

म्हणाली, "काकू, त्या पोपटी गाठोड्यात मनकर्णाच्या बापाचं मृत्युपत्र हाय. अस्सल. आप्पाराव कोर्टात म्हणतो, असा कागदच न्हाई."

मनकर्णाला बोरीला दिलेली. बाप आजारी पडला तवा तीन महिने तिनंच उचलला-ठेवला, हगणं-मुतणं काढलं. आप्पाराव तवा मंगल कार्यालयाचं छत टाकत होता. बापानं विहिरीजवळची दोन एकर पोरीच्या नावानं लिहून ठेवली. पुराव्याची तारीख मे महिन्यात हाय. तवा अस्सल कागद दाखवावा लागतो, झेरॉक्स चालत न्हाई. अस्सल टेंपोत गेला की त्या खोलीत कधी मांडला जाईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक.

पन्नास वर्षं वकिलाच्या घरात काढली आन् एका शालीवर पेटी देऊन बसले! साहेब म्हणायचे, शाल घालणाऱ्याच्या दुसऱ्या हाताकडं बघावं. त्या दिवशी नारळाकडं बघत बसले मी.

धम्मशीला म्हणाली, माझ्याकडं द्या. मी म्हणले न्हाई. मनकर्णाला न विचारता दुसऱ्याच्या हातात दिलं तर माझ्यात आन् आप्पारावात फरक काय? साहेब पेटीत न्हाईत, त्यांची रीत हाय.

मग बसल्या बसल्या सुचलं. मी काय म्हणले होते? साहेबांचे कागद न्या. पेटीत साहेबांचा एकबी कागद न्हाई! सगळे लोकांचे. लोकांनी आपापले नेले तर माझा शब्द बी मोडत न्हाई.

धम्मशीला म्हणाली, काकू, तुमी वकिलीची सनद घ्या.

१४ एप्रिल, सोमवार

दिवसभर फोन. कुणाचा नंबर लागंना, कुणाचा लेक उचलतो, कुणी म्हणतं आज्जा मेला, मी येऊ का? ये, म्हणले, आज्ज्याचा फेटा ओळखतोस का तेवढं सांग.

मनकर्णा कारखान्यावरच हाय. गाडी गुरुवारी गावाकडं निघणार. "शुक्रवारी पहिल्या यष्टीनं येते काकू," म्हणाली, "परभणीला बदलून यायला अकरा वाजतील." मग म्हणाली, "आबाचं तेवढंच हाय माझ्यापाशी."

शुक्रवार. अकरा. टेंपोबी अकरालाच. देवाला बी दुसरा दिवस सापडला न्हाई.

१५ एप्रिल, मंगळवार

काय गर्दी काय गर्दी! साहेबांच्या मयतीला एवढी नव्हती. पेटी ओसरीवर काढून ठेवली आन् मी बाजूला बसले. दारातून बघायचे आन् बोट दाखवायचे — ते लाल, ते माझं! एक म्हातारी आपल्या नवऱ्याच्या फेट्याचं टोक नाकाला लावून बसली. कागद काय हाय ते तिनं विचारलं सुद्धा न्हाई. एकानं गाठोडं सोडलं, आत जमिनीचा कागद आन् साहेबांच्या हातची चिठ्ठी — 'बांधावरच्या लिंबाची सावली दोघांची. भांडू नये.' लय हसला आन् मग डोळे पुसले.

कुणी मला मातोश्री म्हणलं न्हाई. वकिलीणबाई म्हणले, चहा मागितला, दोनदा. साखर संपली.

छबूबाई सगळ्यांना सांगायली, ही कल्पना मीच काढली. असू दे.

संध्याकाळी पेटीत एकच उरलं. पोपटी. एवढ्या मोठ्या पेटीत एकटं लय बारीक दिसायलंय.

आता आप्पाराव आला टेंपो घेऊन तर त्याला शोधायचं कामच न्हाई. ही अक्कल मला गाठोडी वाटायच्या आधी यायला पायजे होती. सनद घ्या म्हणे!

१६ एप्रिल, बुधवार

उन्हाचा आप्पाराव आला. एकटा. गाडी न्हाई, मास्तर न्हाई. बाकाच्या टोकाला बसला आन् पडता पडता वाचला.

पेटीकडं बघितलंबी न्हाई. गावभर झालंय, त्याला कळलं असणार. म्हणाला, "काकू, ते पोपटी पातळ मी घेतलेलं. परभणीला जाऊन. चार दुकानं फिरलो होतो."

मी म्हणले, व्हय रे. तुझ्या हातात होतं त्या दिवशी. खाली ठेवलंस.

पाणी पिला. उठला. शुक्रवारी येतो म्हणाला. ये म्हणले, अकरालाच ये. पायी.

मनकर्णाचं त्याला सांगितलं न्हाई. त्याचं मनकर्णाला सांगितलं न्हाई. बाक पुसून ठेवलाय.