फोल्डर उघडताच चेहरे दिसावेत

मी, सुलोचनाबाई खुशाल शहारे, वय चौसष्ट वर्षे, धंदा फोटो स्टुडिओ, राहणार फुलचूर, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मोतीबिंदू काढल्यापासून डोळेही शाबूत आहेत. पुढे जे आहे ते काही ठिकाणी रागात लिहिले असले, तरी पूर्ण शुद्धीत लिहिले आहे. याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही.

मला दोन अपत्ये आहेत. मुलगा संघदीप माझ्याजवळ राहतो आणि माझ्यासोबत दुकान चालवतो. मुलगी समीक्षा देवरीला सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. माझे पती खुशाल शहारे २००६ साली वारले.

वकीलसाहेबांनी कच्चा मसुदा वाचून कलम चौथे गाळायला सांगितले. म्हणाले, "बाई, कॉम्प्युटरमध्ये फोल्डर कसा उघडावा, हे काही कोर्ट पाहत नाही." मी म्हटले, "कोर्टानं नाही पाहिलं तरी चालते. माझ्या पोराले वाचायचं आहे." म्हणून कलम चौथे जसेच्या तसे ठेवले आहे.

कलम १. फुलचूर येथील स्लॅबचे राहते घर संघदीप व समीक्षा यांना निम्मे निम्मे. समीक्षा माहेरी आली की समोरची खोली तिची. त्या खोलीत लग्नाच्या अल्बमचे खोके रचून ठेवायची सवय संघदीपने सोडावी. हे मी जिवंतपणी पुष्कळदा सांगून पाहिले आहे.

कलम २. नाक्यावरचा स्टुडिओ, त्याची पाटी, पडदे, दिवे व कॅमेरे संघदीपला. पतीचा जुना लाकडी कॅमेरा तिपाईसकट काचेच्या कपाटात राहील. तो भंगारात जाणार नाही आणि लग्नाच्या स्टेजवर शोभेसाठी भाड्यानेही जाणार नाही. माझे दीर कवडू यांना या दुकानातले काहीही मिळू नये. पतीच्या मृत्यूनंतरचे पुण्यानुमोदन आटोपून पाहुणे निघाले नव्हते, तेवढ्यात ते गिऱ्हाईक घेऊन आले होते. अंगणात सर्वांसमोर म्हणाले, "वहिनी, बाईमाणसाच्यानं स्टुडिओ होत नाही. विकून टाका." तो स्टुडिओ आजही उघडा आहे. कवडूभाऊंनी त्यानंतर आपल्या दोन्ही पोरींच्या लग्नाचे फोटो माझ्याकडूनच काढून घेतले.

कलम ३. पोस्टातली बचत समीक्षाला. तिच्या लग्नात मी हात आखडता घेतला होता, हे तिला माहीत आहे. तिने कधी बोलून दाखवले नाही, हे मला माहीत आहे.

कलम ४. दुकानातल्या संगणकाबाबत.

हा संगणक २००३ साली डिजिटल कॅमेऱ्यासोबत घेतला. माझे पती तरुणपणापासून माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत तंबू लावीत. गुहेकडे जाणाऱ्या वाटेवर गोंड कुटुंबे आपापल्या गावांहून येत, आणि बरेच जण वर्षातून एकदाच, तिथेच, फोटो काढून घेत. आधी रोल होता. नंतर जनरेटरवर छापायचे यंत्र आले आणि फोटो तिथल्या तिथे मिळू लागला. तेव्हापासूनचे सारे फोटो संगणकात वर्षावार फोल्डरांत ठेवलेले असत.

फोल्डर उघडला की दोन तऱ्हेने दिसू शकतो. एक तर फोटोच लहान लहान होऊन ओळीने दिसतात. नाहीतर फोटोंची नुसती यादी येते, आणि त्या यादीत नाव म्हणजे कॅमेऱ्याने दिलेला नंबर. आमच्याकडे पुष्कळ लोक मेलेल्या माणसाचा फोटो शोधत येतात. त्यांना नंबर काय माहीत? म्हणून पतीने पहिल्याच आठवड्यात चेहरे दिसतील अशी मांडणी केली. पण ती त्या एका फोल्डरपुरतीच झाली. दुसरा उघडला की पुन्हा यादी. ते वैतागून म्हणत, "सुलोचना, या डब्याले मानसं ओरखू येत नाही."

ते गेल्यावर ही कटकट माझ्या वाट्याला आली. समीक्षाने फोनवर शिकवले की टूल्समध्ये जायचे, फोल्डर ऑप्शन्स उघडायचे आणि सगळ्या फोल्डरांना हीच मांडणी लावायचे बटण दाबायचे. मी दाबले. काही दिवस बरे गेले. मग संगणक आपोआप विसरायला लागला. आणि तो विसरला नाही, तर संघदीप बदलून ठेवायचा.

"आई, ते चित्रं काढता काढता मशीन अटकून राहते. गिऱ्हाईक उभं राहते."

"बसाले बाक आहे ना?"

"यादीत तारीख दिसते, साईज दिसते. काम पटापट होते."

"तारखेचा फोटो कोणी भिंतीवर लावते का रे?"

सकाळी मी चेहरे लावायचे, दुपारी तो यादी लावायचा. अशी आमची वर्षे गेली. शेजारपाजारचे हसत. मीही कधी कधी हसले असेन.

२०१० च्या उन्हाळ्यात सालेकसा तालुक्यातून इतवारी नावाचे म्हातारे गृहस्थ आले. त्यांची बायको धनवंता त्याआधीच्या हिवाळ्यात वारली होती. २००५ च्या यात्रेत दोघांनी आमच्या तंबूत फोटो काढला होता, पण छापायच्या वेळी जनरेटर बंद पडला, जीप निघाली आणि फोटो घ्यायचा राहून गेला. जन्मात तिचा तेवढा एकच फोटो निघाला होता. मी घरी होते. संघदीपने फोटोचे नाव विचारले. त्यांनी सांगितले, "धनवंता."

"तिचं नाही बाबा, फोटोचं. नंबर पायजे."

"फोटोले नाव कायले पायजे? मी तोंड ओरखतो ना."

संघदीपने त्यांना परत पाठवले. ते पुन्हा आले तेव्हा दैवाने मी काउंटरवर होते. त्यांना बाकावर बसवले, पाणी दिले, संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि २००५ चा फोल्डर उघडला. फोल्डर रिकामा होता.

मला वाटले माझेच काही चुकले. दुसरा उघडला, तो भरलेला. पुन्हा २००५ उघडला, तर रिकामाच. मी संघदीपला हाक मारली. तो आला आणि पडद्याकडे न पाहता फरशीकडे पाहत राहिला. मागच्या लग्नसराईत जागा भरली होती, म्हणून त्याने जुने उडवले होते. तेही संगणकातल्या कचऱ्याच्या टोपलीत न टाकता थेट, सहज परत काढता येऊ नयेत असे.

"पाहून उडवले का न पाहता?"

"त्यात पाहायले काय होतं आई? नंबरच तर होते."

ते फोटो त्याच्या बापाने काढले होते. काही फोटोंत तंबूच्या कडेला त्याच्या बापाची सावलीही पडलेली होती. चेहरे समोर असते तर त्याचा हात धजला नसता, एवढे मी आई म्हणून जाणते. इतवारींना सगळे कळले नसेल, पण जे कळायचे ते कळले. ते म्हणाले, "मंग ते आता कुठीच नाही का, बाई?"

सीडीवर एक नक्कल होती. ती चरे पडून वाया गेली होती. गोंदियातून एक माणूस आणला. त्याने पुसलेले काही फोटो वर काढले, पण अर्धे कपाळ दिसायचे आणि खाली नुसता राखाडी पट्टा. त्यात धनवंताबाई नव्हत्या.

मग मी सालेकश्याच्या बाजारात आणि यात्रेच्या मंडळींत निरोप फिरवला, की ज्यांनी २००५ साली आमच्या तंबूत फोटो घेतला असेल त्यांनी तो पुढच्या माघात सोबत आणावा, आम्ही त्यांना मोठा नवा काढून देऊ. २०११ च्या यात्रेला निघताना संघदीप न सांगता स्कॅनर उचलून जीपमध्ये बसला. तंबूत इतवारी आमच्या आधीच येऊन बसले होते. लोकांनी फोटो आणले. घडी पडलेले, धुराने पिवळे झालेले, एकावर तर हळदीचा अंगठा उमटलेला. इतवारी एकेक डोळ्याजवळ नेत आणि परत देत.

यात्रा उठायच्या दिवशी छत्तीसगडकडच्या एका बाईने घरच्यांचा फोटो आणला. त्यात तिच्या मुलाच्या खांद्यामागे एक बाई उभी होती. अंधूक, मान अर्धी वळवलेली, हातात टोपली. इतवारींनी तो फोटो खाली ठेवलाच नाही.

"हेच. मी हाक मारली का मान अशीच फिरवे." थोडे थांबून म्हणाले, "तवा मीच हाक मारली असन."

संघदीपने तो चेहरा स्कॅन करून मोठा केला, छापला आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला. नंतर तो तंबूमागे गेला आणि बराच वेळ आला नाही. मी बोलवायला गेले नाही.

घरी येऊन त्याने २००५ चे गोळा केलेले सगळे फोटो नव्या फोल्डरात ठेवले. दुसऱ्या दिवशी मी तो उघडला. यादी! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला कप आपटला. संघदीप धावत आला आणि पडद्याकडे पाहून म्हणाला, "आई, यावेळी मी नाही केलं. खरंच नाही." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. तो डबा तसलाच आहे.

कलम ५. वरील संगणक कोणाला, याबद्दल.

समीक्षाने तो मागितला आहे. नात्यातही सर्वांनी तेच धरून ठेवले आहे. समीक्षाकडे तो नीट राहील, वर कापड टाकून, धूळ पुसून. पण माणूस गमावलेला कोणी देवरीला जाणार नाही. तो फुलचूर नाक्यावर उतरेल, पाटी शोधेल आणि काउंटरवर त्याला संघदीप भेटेल. म्हणून संगणक, त्यातील सर्व फोटो व त्यांच्या नकला मी संघदीपला देत आहे. समीक्षाने वाईट वाटून घेऊ नये. दर दिवाळीला तिने येऊन एक नक्कल घेऊन जावी आणि ती उघडते की नाही हे घरी जाऊन त्याच दिवशी पाहावे.

संघदीपवर अट एकच. फोटो शोधायला आलेल्याला नाव किंवा नंबर विचारू नये. त्याला बसवावे आणि चेहरे दाखवावेत. मशीन अडकली तर अडकू द्यावी. पुढे नवा संगणक आला, तर पहिल्याच दिवशी, दुसरे काही टाकण्याआधी, सगळ्या फोल्डरांना चेहऱ्यांची मांडणी लावावी. तो विसरेल. पुन्हा लावावी. पुन्हा विसरेल, पुन्हा लावावी. तुझी चिडचिड होईल, बाबू. होऊ दे. माझी झाली, तुझ्या बापाची झाली. पण न पाहता काही पुसू नको.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी समीक्षाने करावी. मजकूर मी स्वतः टाईप केला, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, आणि त्यांच्या देखत प्रत्येक पानावर सही केली. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या. दोघांनाही या मिळकतीतून काही मिळणार नाही.

ठिकाण: फुलचूर, जिल्हा गोंदिया
दिनांक: १४ मार्च २०१२

लिहून देणार
(सही) सुलोचनाबाई खुशाल शहारे

साक्षीदार
१. (सही) यादोराव बिसेन, शिवणकाम, राहणार फुलचूर
२. (सही) उदाराम मेंढे, निवृत्त पोस्टमन, राहणार फुलचूर