संघाबरोबर बाई हवी

॥ श्री ॥
रत्नागिरी, ८ डिसेंबर १९८६

प्रिय राही,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल काल पोचलं. लोकरीची शाल एक, बाबांचे मोजे एक जोड, बडीशेप पाव किलो. टपालखर्च अकरा रुपये! बडीशेप इथेही मिळते गं. पतियाळ्याची म्हणून काही जास्त गोड लागली नाही. शाल मात्र अंगावर घेऊनच लिहितेय, घामाच्या धारा लागल्यात तरी.

तू प्रशिक्षकाच्या कोर्सला गेलीस आणि कॉलेजात तुझी सहायकाची जागा रिकामी पडली. बाईमाणूस बरोबर असल्याशिवाय मुलींचा बास्केटबॉलचा संघ परगावी जायचा नाही, असा प्राचार्यांचा हुकूम. प्राध्यापिका कोणी तयार होईनात. शेवटी तुमचे महिपतसर ओटीवर येऊन बसले. "काकी, फक्त अलिबागला. तुम्ही नाही आलात तर पोरी घरीच." बाबा आतून ओरडले, "आणि माझ्या पेजेचं काय?" त्या क्षणी माझं ठरलं.

स्टोव्ह आणि तांदूळ मी बरोबरच घेतले. हॉटेलचे पैसे वाचले, त्यात संघाला नवा चेंडू आला. सर बघतच राहिले.

आता सामन्याचं ऐक. शेवटची थोडी मिनिटं उरलेली आणि आपण मागे. सरांनी मिनिटभराची विश्रांती मागितली, खडूने जमिनीवर रेघा ओढायला लागले. तर कॅप्टन सगुणा म्हणते, "सर, राहू दे. काकी, तुम्हीच काय ते करा." मला काय येतं? गाऱ्हाणं येतं. पदर खोचला आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरं परमुलखात आली आहेत..." पोरी एका सुरात, "व्हय म्हाराजा!" तेवढ्यात पंचाची शिट्टी. पण गाऱ्हाणं अर्ध्यावर टाकायचं कसं? ग्रामदेवतेचं नाव घ्यायचं होतं, वेशीवरच्या राखणदाराचं घ्यायचं होतं. पोरी जागच्या हलेनात. पंच संतापला आणि शिक्षा म्हणून समोरच्यांना दोन मोकळ्या फेकी दिल्या. त्यांची मुलगी आली ती माझ्याकडेच बघत. "बाई, आमच्यावर काही करणी केलीत का हो?" मी म्हटलं, "नाही गं बाळे, तुझंही भलं होवो." बिचारीच्या दोन्ही फेकी फुकट गेल्या. मग सगुणाने लागोपाठ दोनदा चेंडू जाळीत घातला आणि एका गुणाने आपण जिंकलो. सर म्हणतात, पोरींच्या सरावामुळे. म्हणू देत.

परत आले तर शेजारच्या जाईबाई कुंपणावरून, "काय वहिनी, या वयात चेंडू?" मी काही बोलायच्या आत बाबाच कडाडले, "चेंडू नाही, मॅनेजर आहे ती!" हल्ली पेज तेच शिजवतात. करपते, पण निमूट खातात.

आता मुद्द्याचं. बडोद्याच्या मुलींच्या कॉलेजाने तुला प्रशिक्षक म्हणून बोलावलंय, आणि "आई एकटी पडेल" म्हणून तू त्यांना नकार कळवणार आहेस, हे मला सरांकडून समजलं. माझ्या दोन पत्रांना उत्तरं दिलीस, त्यात याबद्दल एक अक्षर नाही! इथे प्राचार्य म्हणतात, राही आली तर जागा तिची, नाही तर काकींना कायम करू. मॅट्रिक चालते, मी विचारून घेतलंय. घर तुझंच आहे, कधीही ये, चार दिवस जास्त राहा. पण ही नोकरी मागायला येऊ नकोस. तुझ्या आईला ती हवी आहे. देवासमोर बसून हे म्हणून पाहिलं, लाज वाटली नाही. बडोद्याला हो लिही, आणि लिहिलंस की उलट टपाली मला कळव. चिपळूणच्या सामन्यांना निघण्याआधी तुझं पत्र हातात पडू दे.

तुझीच,
आई